पिवळा टॅबेबुया सोसायटीत लावावा का? फुलं सोडून उरलेल्या वर्षाचा हिशोब

आधी गुण सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्याला पुढचं वाचायला नको. पिवळा टॅबेबुया कंपाउंडच्या कडेला, खऱ्या जमिनीत लावला तर पाचातले चार. गाड्या उभ्या राहतात तिथे लावला तर अडीच. आणि पोडियमवर, म्हणजे तळघरातल्या पार्किंगच्या स्लॅबवर माती टाकून केलेल्या बागेत, शून्य. हे शून्य का, ते सांगायला जरा वेळ लागतो, म्हणून ते शेवटी ठेवलंय.

मी पुण्यात सोसायट्यांच्या बागा सांभाळायचं काम घेते. कोथरूड, वारजे, बाणेर, आणि अलीकडे बरंचसं बावधन. हाताखाली माळी आहेत, एक जुना छोटा हत्ती टेम्पो आहे, आणि फेब्रुवारी मध्यावर आला की व्हॉट्सअॅपवर पिवळ्याधमक झाडाचे फोटो असतात. खालचा मजकूर ठरलेला: ‘मॅडम, हे कोणतं झाड? आपल्याकडे लावता येईल का?’ फोटो बहुतेक वेळा सिग्नलला थांबून काचेतून काढलेला. झाडावर पान औषधाला नाही, नुसता पिवळा रंग. त्या दोन-तीन आठवड्यांच्या थाटावर सोसायटीची सभा ठराव करून मोकळी होते. पुढचे अकरा महिने ते झाड सांभाळायचं कोणी? तर मी आणि माझ्या माळ्यांनी. म्हणून हा अभिप्राय त्या अकरा महिन्यांना धरून आहे.

घोळ नर्सरीतच सुरू होतो. हडपसर सोडून सोलापूर रस्त्याला लागलं की मांजरी, लोणी काळभोर, सोरतापवाडी, उरुळी कांचन असा रोपवाटिकांचा पट्टा आहे. मोठी झाडं हवी असली की पुण्यातले लँडस्केपवाले तिकडेच जातात. तिथे नुसतं ‘टॅबेबुया द्या’ म्हटलंत, तर तीन वेगळ्या झाडांपैकी कोणतंही एक गाडीत चढू शकतं. एक गुलाबी, टॅबेबुया रोझिया. पुण्याच्या रस्त्यांवर हाही भरपूर आहे. दुसरा पिवळा, टॅबेबुया ऑरिया. जुने नर्सरीवाले त्याला अजून अर्जेंटिया म्हणतात. मी लिहितेय ते याच्याबद्दल. तिसराही पिवळाच, क्रायसोट्रायका, ज्याच्या शेंगेवर तपकिरी लव असते. त्याला वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००७ साली टॅबेबुयातून उचलून हँड्रोअँथस या वेगळ्या वंशात टाकलं. ती बातमी नर्सरीच्या पाटीपर्यंत पोचलेली नाही, आणि पोचली तरी पाटी कोण बदलतंय.

रोप कमरेएवढं असताना त्याला फूल नसतं, तेव्हा ओळख पटवायची ती पानावरून. ऑरियाचं पान पंजाच्या आकाराचं, एका देठावर पाच ते सात लांबट पानं पसरलेली. रंग हिरवा म्हणावा असा नाहीच; राखाडीकडे झुकलेला, चंदेरी. पानावर बारीक खवले असतात, त्यांची ती चमक. बोटांनी चोळून बघा, जाड आणि चरचरीत लागतं. गुलाबीचं पान याच्यापेक्षा मोठं, पातळ आणि साधं हिरवं. दोन्ही रोपं उन्हात शेजारी शेजारी ठेवली तर शाळकरी पोरगंही फरक सांगेल. पण रोपं सावलीच्या जाळीखाली दाटीवाटीनं ठेवलेली असतात, गिऱ्हाईक घाईत असतं, आणि नर्सरीतला पोऱ्या हात लागेल ती पिशवी उचलतो.

बिबवेवाडीतल्या एका बंगल्यात असाच प्रकार झाला. काकांनी एका नर्सरीतून (नाव सांगत नाही) ‘खात्रीचा पिवळा’ म्हणून रोप आणलं, पोटच्या पोरासारखं वाढवलं, आणि काही वर्षांनी त्याला भरभरून फुलं आली ती गुलाबी. मला बोलावलं ते ‘आता याच्यावर पिवळ्याचं कलम करता येईल का’ हे विचारायला. म्हटलं, काका, एवढ्या मोठ्या झाडावर कुठलं कलम करता, गुलाबी तर गुलाबी. काकू मागून म्हणाल्या, ‘मला तर हाच रंग हवा होता.’ काकांचा राग अजून गेलेला नाही. नर्सरीवाल्यावर जास्त की काकूंवर, ते मी विचारलं नाही.

खरेदीबद्दल अजून एक. उंची बघून रोप घेऊ नका. आठ फुटांचं रोप आणि बुंधा अंगठ्याएवढा, असला माल बाजारात फार. सावलीत दाटीत वाढवलेलं असतं, उजेडासाठी नुसतं वर पळालेलं. बांबू सोडला की ते तिथल्या तिथे वाकतं. त्यापेक्षा चार फुटांचं, बुंध्याला भरलेलं रोप स्वस्तही पडतं आणि दोन पावसाळ्यांत त्या उंच्याला गाठतं. माझ्याकडे साध्या पिशवीतलं रोप दोन-अडीचशेच्या आसपास येतं. मोठ्या पिशवीतली तयार झाडं हजारांच्या घरात जातात, वर टेम्पोभाडं वेगळं. पिशवी उचलायला लावा. ती जमिनीपासून सुटताना ‘कर्रर्र’ आवाज आला, तर मुळं पिशवी फोडून खालच्या मातीत गेलेली होती आणि ती आत्ता तुमच्यासमोर तुटली. ते झाड सोडा, दुसरं बघा. पिशवी कापल्यावर मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तर ती धारदार सुरीनं उभी चिरून मोकळी करायची. बरेच माळी हे करत नाहीत, ‘मुळं दुखतील’ म्हणतात. न चिरलेली मुळं त्याच गोलात फिरत राहतात, आणि झाड पुढे वाऱ्याला उभं राहत नाही.

आता फुलं. इथे मी हात आखडता घेणार नाही, कारण या झाडानं ते गुण कमावलेत. थंडी सरत आली की पानं गळतात, एखाददुसरा झुबका सोडला तर सगळीच, आणि करड्या वेड्यावाकड्या फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस लागतात. फूल कर्ण्याच्या आकाराचं, अडीच इंचाच्या आसपास, तोंडाशी पाच चुरगळलेल्या पाकळ्या. पिवळा रंग लिंबाचा नाही, हळदीचाही नाही, त्याच्या मधला आणि उन्हात डोळ्यांवर येणारा. गळताना पाकळी पाकळी सुटत नाही; अख्खा कर्णा देठापासून निसटतो, बाहेरची हिरवट वाटी आणि मधला स्त्रीकेसर फांदीवरच राहतात. म्हणून खाली पडलेलं फूलही दुपारपर्यंत झाडावरच्यासारखं शाबूत दिसतं, आणि म्हणूनच त्या सड्याचे फोटो इतके चांगले येतात.

असं एखादं पडलेलं फूल उचला आणि त्याचं बूड बघा. बऱ्याच फुलांना नळीच्या बुडाशी बारीक चीर दिसेल. शिंजीर तोंडातून आत जायच्या फंदात पडत नाही. फांदीवर बसून बुडाला चोच खुपसतो आणि मध काढून घेतो. भुंगेही तेच करतात. परागकणांचं काम काही होत नाही, फुकटचा मध मात्र मिळतो. फेब्रुवारीत नर शिंजीर काळा-जांभळा चमकत असतो. त्या पानं नसलेल्या पिवळ्या झाडावर तो इतका उठून दिसतो की बागेत पक्ष्यांकडे ढुंकूनही न बघणारे आजोबासुद्धा बाकावरून मान वर करून बसतात. या कामासाठी दुर्बीण लागत नाही, सकाळी आठच्या आत खाली उतरलं की झालं.

झाडलोट करणाऱ्या मावशींचं मत मी नेहमी घेते. सभेत त्यांना कोणी विचारत नाही आणि झाड खरं त्यांच्याच माथी येतं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या मावशी म्हणतात, ‘ताई, गुलमोहरापेक्षा हे बरं. खराट्यानं एका हिसक्यात गोळा होतं. पण गाड्या धुतल्या की त्या पाण्यात हे भिजतं आणि मग घसरतं.’ अगदी खरं. ओलं झालेलं टॅबेबुयाचं फूल फरशीवर बुळबुळीत होतं. रॅम्पच्या वर हे झाड नको, जिन्याच्या पायऱ्यांवर नको, आणि ज्येष्ठांच्या बाकांसमोरच्या गुळगुळीत फरशीवर तर नकोच.

मग एप्रिल-मेमध्ये शेंगा. करड्या, लांबट, सुकल्या की उकलतात, आणि आतून कागदी पंखांच्या चपट्या बिया वाऱ्यावर निघतात. दिसायला छान. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्यांना मात्र त्या एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये, खिडकीच्या जाळीत आणि पन्हाळीत सापडतात, आणि मला फोन येतात. पावसाआधी पन्हाळी साफ करून घ्या, एवढंच उत्तर आहे. आम्ही त्या बिया गोळा करून लगेच पेरतो. ताज्या बिया पटकन रुजतात, पण बरणीत भरून पुढच्या वर्षासाठी ठेवल्या तर उगवायचं नाव घेत नाहीत. विकत रोप घ्यायचं नसेल तर ओळखीच्या सोसायटीतून मेमध्ये मूठभर बिया मागून आणा. पिवळ्याच्या झाडाखालून उचलल्यात म्हणजे रंगाची भानगडही मिटली. फक्त फुलांसाठी काही वर्षं थांबायची तयारी ठेवा.

सावलीबद्दल मात्र निराशा. लोक विचारतात, ‘सावली देईल ना?’ पावसाळ्यात देतं, थोडी विरळ. पण पुण्यात सावली लागते कधी? मार्च-एप्रिलमध्ये. नेमकं तेव्हा हे झाड एकतर फुललेलं तरी असतं, नाहीतर नुकतीच पालवी फुटत असते. गाडीवर सावली हवी म्हणून टॅबेबुया लावणाऱ्याला मी सरळ कडुनिंब किंवा करंज सुचवते. वरचे अडीच गुण यासाठीच: फुलं बॉनेटवर, बिया वायपरखाली, आणि ऐन उन्हात सावलीच्या नावानं ठणठणाट.

पाण्याच्या बाबतीत याच्याइतकं गुणी झाड कमी. मूळचं दक्षिण अमेरिकेचं, ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे या पट्ट्यातलं. ब्राझीलच्या पँटानाल नावाच्या प्रचंड पाणथळ मैदानात याची रानंच्या रानं आहेत. तिथे वर्षातले काही महिने बुंध्याशी पाणी असतं आणि काही महिने जमीन कोरडी ठाक. सेराडोच्या गवताळ प्रदेशातही हे वाढतं, तिथे वणवे लागतात, म्हणून साल जाड, भेगाळलेली आणि बुचाची. नखानं दाबलं तर दबते. आपल्याकडे याचा फायदा असा की काळ्या मातीत जुलै-ऑगस्टला पाणी साचलं तरी झाड पिवळं पडत नाही, आणि टँकरवर चालणाऱ्या बाणेर-बावधनच्या सोसायट्यांत मोठं झालेलं झाड उन्हाळ्यात पाणी मागत नाही. पहिले दोन उन्हाळे मात्र आळं करून आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी हवं. एसटीपीचं, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरणाचं, पाणी चालतं, पण वास येत असेल तर आधी तुमचा एसटीपी बघून घ्या, झाडाचा दोष नाही.

उलट पाणी जास्त झालं की हे झाड रुसतं. बावधनच्या एका सोसायटीत हिरवळीच्या मधोमध झाड आहे, तिथे स्प्रिंकलर बारा महिने सुरू. झाड तब्येतीनं उत्तम, पानांनी भरगच्च, आणि फेब्रुवारीत फुलं विचाराल तर चार-दोन झुबके. सेक्रेटरी म्हणाले, ‘मॅडम, खत वाढवू या का?’ मी म्हटलं, खत नको, पाणी तोडा. या झाडाला डिसेंबरपासून कोरडं पाडावं लागतं. पानं गळाली पाहिजेत, तेव्हा फूल येतं. लॉनसाठी रोज पाणी हवं असेल तर झाड लॉनमध्ये लावायचंच नव्हतं. युरिया तर त्याच्या बुंध्याजवळही नको. पावसाच्या तोंडावर शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड, एवढ्यावर ते खूश असतं.

जमिनीचं सांगायचं तर पुण्याच्या नव्या सोसायट्यांत वरची फूटभर लाल माती फसवी असते. खाली बिल्डरनं गाडलेला राडारोडा निघतो: विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, एकदा तर अख्खा टाइल्सचा खोका. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल खड्डा घ्या आणि आतलं सगळं बाहेर काढा. मुरूम लागला तर चालेल, त्यात हे झाड मुळं घालतं. राडारोडा लागला तर खड्डा अजून रुंद करा. खड्ड्याचे पैसे वाचवणारे लोक पुढे झाड बदलायचे पैसे देतात, आणि माझा धंदा त्यावरही चालतो, तेव्हा माझी तक्रार नाही.

आता याचा खरा दुर्गुण. टॅबेबुया ऑरिया सरळ वाढत नाही. बुंधा कुठेतरी कलतो, मग वाकतो, मग मनात येईल तिकडे फांदी फेकतो. ब्रोशरमध्ये शिस्तीत उभी असलेली रांग दिसते ती संगणकावर काढलेली असते. सरळ हवं असेल तर पहिल्या दिवसापासून टेकू द्यायचा: दोन बांबू, दोन बाजूंना, आणि मध्ये सुतळी किंवा जुन्या सायकलच्या ट्यूबची सैल आठ. तारेनं बांधणाऱ्या माळ्याला मी कामावरून काढते. तार सालीत रुतते आणि झाड तिथेच मोडतं. बांबू दोन वर्षांनी सोडायचे. झाडाला वाऱ्यात थोडं हलू द्यायला हवं, नाहीतर बुंधा भरत नाही. सुरुवातीलाच एक मुख्य शेंडा ठेवून बाकीचे छाटले तर आकार बरा येतो. तरी पूर्ण सरळ येईल अशी हमी मी लिहून देत नाही.

दुसरं, लाकूड ठिसूळ आहे. एप्रिल-मेच्या संध्याकाळी वळवाचा पाऊस येतो, आधी तो धुळीचा भपकारा आणि जोराचा वारा, तेव्हा लांब गेलेल्या आडव्या फांद्या मोडतात. म्हणून फुलं संपली की हलकी छाटणी करून डोकं हलकं ठेवायचं. इथे सोसायट्यांना आठवण करून देते: झाड आपल्या आवारात असलं तरी मनाला येईल तशी कुऱ्हाड चालवता येत नाही. १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे, आणि महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. अर्ज फोटोसकट करा, कोणती फांदी तेही खुणा करून दाखवा, आणि मेमध्ये नाही तर मार्चमध्येच करा. धोकादायक फांद्या सगळ्या पुण्याला पहिल्या वादळानंतरच दिसायला लागतात.

‘मग दुसरं कोणतं पिवळं?’ हा पुढचा प्रश्न असतोच. सोनमोहर सगळ्यांना माहीत आहे, पुण्याच्या जुन्या रस्त्यांवर हाच. सावली खरी याची. पण तो पन्नास-साठ फुटांपर्यंत जातो, दोन इमारतींच्या मधल्या बोळात लावायचं झाड ते नव्हे. त्याच्या सालीपासून जावामध्ये बाटिकच्या कापडाचा तपकिरी रंग काढत. आपल्याकडे त्याचा तपकिरी रंग गाड्यांच्या टपावर जमतो. फांद्या हाही मोडतो, आणि त्याची फांदी टॅबेबुयाच्या फांदीपेक्षा कितीतरी जड.

बहावा माझ्या मनातला पहिला. आपला, इथला, एप्रिल-मेमध्ये झुंबरं सोडणारा. केरळात विशूच्या सणाला याचीच फुलं लागतात, तिथलं ते राज्यपुष्प आहे. गावाकडचे लोक बहावा फुलला की पावसाचा अंदाज बांधतात. पण सोसायटीत बहावा खपवणं अवघड जातं. वाढ सावकाश, फुलं यायला वेळ, काळ्या लांबच लांब शेंगा वर्षभर लोंबत राहतात, आणि पावसाळ्यात कॉमन एमिग्रंट फुलपाखराच्या हिरव्या अळ्या कोवळी पानं खाऊन टाकतात. अळ्या दिसल्या की फवारणीचा फोन येतो. मी फवारत नाही. पानं परत येतात, आणि दोन आठवड्यांनी फुलपाखरांचे फोटो ग्रुपवर टाकणारी तीच माणसं असतात. टॅबेबुयाला हा त्रास नाही, कारण इथल्या अळ्यांना तो ओळखीचाच नाही. ज्यांना बाग म्हणजे नुसती रंगाची सोय वाटते त्यांना हा गुण वाटेल, मला तो अर्धा गुण कापायला पुरेसा आहे.

सह्याद्रीच्या उतारांवरचा गणेर, म्हणजे सोनसावर, टॅबेबुयाच्याच सुमारास निष्पर्ण फांद्यांवर बशीएवढी पिवळी फुलं काढतो आणि त्याला दगडधोंड्यातली जमीन पुरते. नर्सरीत सहजी मिळत नाही, सांगून ठेवावं लागतं. टेकडीवर झाडं लावणाऱ्या गटांनी हा लावावा, बहावा लावावा. टॅबेबुया तिकडे नेऊ नका. पुण्याच्या टेकड्यांवर आधीच ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावून ठेवलंय तेवढं पुष्कळ झालं. आणि पिवळी कण्हेर, बिट्टी, मुलांच्या खेळायच्या जागेजवळ अजिबात नको. आम्ही लहानपणी बिट्ट्यांनी खेळायचो हे खरं, पण तिची बी विषारी आहे, हृदयावर परिणाम करणारी. जुन्या बागांमधून मी ती खेळाच्या जागेपासून हलवतेच.

आता ते शून्य. बाणेरच्या बाजूला एक मोठी सोसायटी आहे, बिल्डरनं ताबा देतानाच पोडियमवर टॅबेबुयांची रांग उभी करून दिली होती. आणतानाच मोठी आणलेली, क्रेननं वर चढवलेली. बागेचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी आधी गज घालून माती मोजली. नकाशात तीन फूट होती. गज दीड फुटावर ‘टक्’ करून थांबला. खाली पाणी निचऱ्याचे प्लॅस्टिकचे सेल, त्याखाली कापड, त्याखाली वॉटरप्रूफिंग आणि स्लॅब. झाडाला खाली जायला जागाच नाही. मुळं आडवी पसरून थांबलेली, वर पंचवीस फुटांची उंची. परातीत उभं केलेलं झाड. मी कमिटीला लेखी कळवलं की ही झाडं वाऱ्यात पडतील, उंची निम्म्यावर आणू किंवा टप्प्याटप्प्यानं बदलू. उत्तर आलं, ‘फ्लॅट घेताना हीच झाडं दाखवली होती, लोक ऐकणार नाहीत.’

त्यानंतरच्या मेमध्ये वळीव आला आणि रांगेतलं एक झाड आडवं झालं. मोडलं नाही, उपटलं. मुळांची सगळी चकती उभी राहिली, जाडी हातभरही नाही, आणि तिच्या खालच्या बाजूला निचऱ्याच्या सेलची जाळी जशीच्या तशी उमटलेली. ते पडलं झोपाळ्यावर. पाऊस सुरू झाला म्हणून मुलं पाच मिनिटांपूर्वी घरात पळाली होती. दुसऱ्या दिवशी कमिटीची मागणी होती की तेच झाड परत उभं करून तारांनी बांधून द्या.

मी नाही म्हणून सांगितलं. दीड फूट मातीत मी चाफा लावून देते, तो बुटका राहतो आणि त्याला तेवढी माती पुरते. पिवळाच रंग हवा तर टेकोमाची झुडपं लावून देते, छाटून छातीएवढी ठेवली तर वर्षभर फुलतात. ते त्यांना ‘भारी’ वाटलं नाही. दुसऱ्या कंत्राटदारानं झाडं तारांनी बांधून दिली आहेत, तारा स्लॅबच्या कठड्याला ओढल्यात. त्या सोसायटीचं काम मी सोडलं.

तुमच्याकडे कंपाउंडच्या आत खरी जमीन असेल, भिंतीपासून दहा-बारा फूट अंतर मिळत असेल आणि खाली गाड्या लागत नसतील, तर जूनमध्ये पाऊस नीट लागल्यावर जरूर लावा. आधी पान बघून घ्या.